दगड गेला, ठसा राहिला

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासण्याचा खेळ आम्ही खेळत असू. नाण्यावरचे सिंह कागदावर हळूहळू उमटत. पुढे नाणे खर्चून जाई, कागद मात्र वहीत राही. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात चिनी कलेवरील एक पुस्तक चाळताना काळ्या शाईवर पांढरी अक्षरे असलेले एक चित्र दिसले आणि तो खेळ आठवला. नाहीशा झालेल्या एका शिलालेखाचा तो ठसा होता. अक्षर होते तांग सम्राट ताइझोंग याचे.

त्याचे मूळ नाव ली शिमिन. इ. स. ६१८ मध्ये त्याच्या पित्याने तांग राजवंश स्थापन केला, पण त्यासाठी लढाया जिंकल्या त्या बव्हंशी या दुसऱ्या मुलाने. ६२६ मध्ये राजवाड्याच्या श्वानवू दरवाजापाशी त्याने दबा धरून थोरल्या व धाकट्या भावांना ठार केले. दोनच महिन्यांत पित्याने गादी सोडली. असा माणूस पुढे आदर्श राजा म्हणून गणला गेला, हे वाचून मी गोंधळून गेलो. पण मारलेल्या भावाचाच सल्लागार वेइ झेंग याला त्याने आपल्या दरबारात ठेवले आणि त्याचे कडू बोल वर्षानुवर्षे ऐकून घेतले. महाराष्ट्रातून प्रवास करून गेलेला ह्यू-एन-त्संग ६४५ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याचा सत्कार करणारा सम्राटही हाच.

वेइ झेंग ६४३ मध्ये वारला. सम्राटाने त्याच्या स्मृतिशिळेचा मजकूर स्वतः रचला आणि स्वतःच्या हाताने लिहिला. पुढे कान फुंकले गेले, तेव्हा तीच शिळा त्याने पाडायला लावली. कोरियावरील स्वारी फसल्यावर वेइ झेंगची उणीव भासली आणि ती पुन्हा उभी केली. दगडाचीही शाश्वती किती, हे त्याला यावरून कळायला हवे होते!

अक्षराचे त्याला वेड होते. चौथ्या शतकातील वांग शीझी हा त्याचा गुरू. त्याची पत्रे गोळा करावीत, त्यांचा कित्ता गिरवावा, हा त्याचा छंद. वांगचा सर्वांत नावाजलेला लेख त्याच्याबरोबर थडग्यात पुरला गेला, असे परंपरा सांगते. मूळ लेख पुन्हा कुणी पाहिला नाही. आज आपण पाहतो त्या दरबारी लेखनिकांनी व इतरांनी केलेल्या नकला.

६४८ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, राजधानी छांगआनजवळच्या लीशान डोंगरातील उष्ण झऱ्यांवर त्याने एक लेख रचला व लिहिला. झऱ्याच्या गुणाची ती स्तुती होती. अक्षर राजशिळेला शोभेल असे ताठ नव्हते. पत्रात लिहावे तसे वाहते होते. पुढल्याच वर्षी तो वारला.

ती शिळा आज नाही. पण कुणीतरी तिच्यावर ओला कागद चिकटवला, तो कोरीव रेघांत ठोकून बसवला आणि वरून शाईचा बोळा फिरवला. खोलगट अक्षरे पांढरी राहिली. हा कागद पश्चिमेकडे वाळवंटाच्या काठी तुनह्वांगच्या गुहेत पोचला. अकराव्या शतकात बंद झालेली ती गुहा १९०० मध्ये उघडली. १९०८ मध्ये फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ याने तेथील हजारो हस्तलिखितांबरोबर हा ठसाही नेला. तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेखाचा आरंभीचा भाग फाटून गेला आहे. शेवटी हाताने लिहिलेली नोंद ६५३ सालची आहे, म्हणजे सम्राटाच्या मृत्यूनंतर चारच वर्षांची. जगातील सर्वांत जुन्या ठशांपैकी हा एक.

हे अक्षर मी पुन्हा पुन्हा पाहिले. भावावर बाण रोखणारा हात आणि हे लिहिणारा हात एकच, हे मनाला पटवणे सोपे गेले नाही. आजही जात नाही. मात्र एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. जे त्याने केवळ आपल्यासाठी थडग्यात नेले ते हरवले. आणि जे एका अनामिक कारागिराने कागदावर उतरवून घेतले, ते माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यापर्यंत पोचले. वहीतला तो नाण्याचा कागद मी आता शोधतो आहे.