पतंग उडवून वीज पकडणाऱ्या फ्रँकलिनची धुराने आयुष्यभर पाठ सोडली नाही

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वादळात उडवलेला पतंग, दोरीला बांधलेली किल्ली, नाहीतर अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवरचा चेहरा. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातून त्याची ओळख होते ती एवढीच.

पतंगाचा प्रयोग १७५२ सालचा. पण त्याच्या आधी आणि नंतरही हा माणूस आणखी एका गोष्टीच्या मागे होता. ती म्हणजे धूर. चिमणीतला धूर, शेगडीतला धूर, शहरावर बसलेला धूर, आणि एका वर्षी तर अख्ख्या युरोपच्या आकाशात पसरलेलं विचित्र धुकं.

आज हवामान बदलाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं कार्बन डायऑक्साइडचं. पण जळण्यातून बाहेर पडणारे बारीक कणही पृथ्वीच्या तापमानावर परिणाम करतात. त्यातले काही तिला तापवतात, तर काही गार करतात. फ्रँकलिनने या दोन्ही बाजू आपल्या आयुष्यात पाहिल्या होत्या. फक्त त्या एकत्र जोडायला जगाला पुढची दोनशे वर्षं लागली.

मेणबत्तीवाल्याचं पोरगं

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बोस्टनमधला. वडील जोसाया चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. दोन लग्नांपासून त्यांना एकूण सतरा मुलं. एवढ्या खटल्याच्या घरात शिक्षणाला पैसा कुठून येणार? दहाव्या वर्षी बेंजामिनची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या दुकानात वाती कापायला, साच्यात चरबी ओतायला बसला.

हे काम त्याला अजिबात आवडायचं नाही. मग बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात घातलं. भावाशीही पटेना. १७२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पळून फिलाडेल्फियाला गेला आणि तिथे हळूहळू स्वतःचा छापखाना उभा केला.

मेणबत्त्या सुटल्या तरी काजळी काही सुटली नाही. कारण त्या काळची छपाईची शाई म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटलेली काजळी. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला जी धरते, तीच ही वस्तू. तेल, लाकूड किंवा कोळसा पूर्ण जळला नाही की कार्बनचे बारीक कण मागे उरतात. ते काळे दिसतात, कारण अंगावर पडलेला प्रकाश परत न पाठवता ते गिळून टाकतात.

गिळलेल्या या प्रकाशाचं पुढे काय होतं, ते फ्रँकलिनने एका साध्या प्रयोगातून पाहिलं.

बर्फावर ठेवलेले कापडाचे तुकडे

शिंप्याकडे गिऱ्हाइकाला दाखवायला वेगवेगळ्या रंगांचे नमुने असतात. फ्रँकलिनने तसलेच लोकरी कापडाचे छोटे चौकोनी तुकडे घेतले. काळा, गडद निळा, फिकट निळा, हिरवा, जांभळा, लाल, पिवळा आणि पांढरा. एका हिवाळ्यात, लख्ख ऊन पडलेल्या सकाळी, हे सगळे तुकडे त्याने बर्फावर मांडले.

काही तासांनी पाहिलं तर काळा तुकडा खाली बर्फात इतका रुतला होता की त्याच्यावर ऊनच पडेना. गडद निळाही जवळपास तेवढाच खोल गेलेला. फिकट रंग कमी रुतले होते आणि पांढरा तुकडा होता तिथेच, बर्फाच्या वर.

लंडनमधल्या त्याच्या घरमालकिणीची मुलगी पॉली स्टीव्हन्सन हिला १७६१ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने हा प्रयोग सविस्तर सांगितला. त्यातून त्याने व्यवहाराचा सल्लाही काढला. गरम देशात काळे कपडे घालू नयेत, उन्हात चालणाऱ्या सैनिकांना पांढरा गणवेश द्यावा.

आता कापडाच्या जागी काजळी ठेवून बघा. ताजा बर्फ अंगावर पडलेला बहुतेक सूर्यप्रकाश परत पाठवतो. म्हणून तो उन्हातही टिकतो. पण त्यावर काजळीचा अगदी पातळ थर बसला तरी बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळायला लागतो. वरचा थर वितळला की खालची जुनी, मळकी पृष्ठभूमी उघडी पडते आणि वितळण्याचा वेग आणखी वाढतो. आर्क्टिकमध्ये हेच घडतं. गंगेच्या मैदानातल्या चुली, वीटभट्ट्या आणि डिझेलचा धूर हिमालयापर्यंत पोहोचतो, तेव्हा तिथेही हेच घडतं.

धूर म्हणजे वाया गेलेलं जळण

फ्रँकलिनच्या काळात घर गरम ठेवायला भिंतीतली उघडी शेगडी असायची. तिची बरीचशी ऊब चिमणीतून वर जायची आणि धूर मात्र खोलीत राहायचा. त्यातच फिलाडेल्फियाच्या आसपासचं जंगल तुटत गेलं, लाकूड दुरून आणावं लागायचं आणि महागही पडायचं.

यावर उपाय म्हणून त्याने लोखंडी शेगडी तयार केली आणि १७४४ मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने त्याला या शेगडीचे एकट्याचे हक्क द्यायची तयारी दाखवली. फ्रँकलिनने नकार दिला. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांचा आपण फायदा घेतो, तर आपला शोधही सगळ्यांना फुकट मिळायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं.

शेगडी मात्र म्हणावी तशी चालली नाही. तिच्यात धुराला आधी खाली उतरून मग चिमणीत जावं लागायचं. विस्तव जरा मंदावला की धूर उलटा खोलीत. पुढे इतरांनी तिच्यात बदल केले. नाव तेवढं फ्रँकलिनचं राहिलं.

१७५७ पासून मधला थोडा काळ सोडला तर १७७५ पर्यंत तो लंडनमध्ये राहिला. लाकडाचा धूर परवडला म्हणावं, असा तिथला दगडी कोळशाचा धूर. संपूर्ण शहरच धुराने भरलेल्या घरासारखं झालंय, अशी तक्रार त्याने बायकोला, डेबोराला, पत्रातून कळवली होती. तिथे त्याने आणखी एक शेगडी बनवली. तिच्यात धूर पेटत्या कोळशांमधून खाली ओढला जायचा आणि वाटेतच जळून जायचा.

त्यामागचा विचार सरळ होता. धूर म्हणजे न जळलेलं जळण. तो जाळता आला तर ऊबही जास्त मिळते आणि काजळीही कमी होते. आजच्या सुधारित, कमी धुराच्या चुलींमागेही हाच विचार आहे.

१७८३ : निस्तेज झालेला सूर्य

१७८३ मध्ये फ्रँकलिन पॅरिसजवळच्या पासीमध्ये होता. अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा संपून ब्रिटनशी तहाच्या वाटाघाटी चालू होत्या. ३ सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्या तहावर सह्या झाल्या. त्यातला एक सही करणारा फ्रँकलिन.

त्याच उन्हाळ्यात युरोपवर एक अजब धुकं पसरलं. एरवीचं धुकं ओलसर असतं आणि ऊन चढलं की विरतं. हे कोरडं होतं आणि उन्हाला दाद देत नव्हतं. बहिर्गोल भिंगाने ऊन एकवटून कागद पेटवायचा खेळ आपण लहानपणी केलेला असतो. त्या उन्हाळ्यात असं एकवटलेलं ऊनही तपकिरी कागद जेमतेम पेटवू शकेल इतकं क्षीण झालं होतं, अशी नोंद फ्रँकलिनने केली. पाठोपाठ आलेला हिवाळा भयंकर कडाक्याचा निघाला.

१७८४ मध्ये त्याने यावर एक छोटा निबंध लिहिला. धुक्याने ऊन अडवलं, जमीन नेहमीसारखी तापली नाही, म्हणून बर्फ लवकर पडला आणि टिकून राहिला, असा त्याचा तर्क. धुकं आलं कुठून, यावर त्याने दोन शक्यता मांडल्या. आकाशातून आलेल्या एखाद्या जळत्या गोळ्याचा धूर, किंवा आइसलँडच्या ज्वालामुखीचा.

दुसरी शक्यता बरोबर निघाली. ८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकी इथे जमिनीला लांबच लांब भेग पडून उद्रेक सुरू झाला होता. तो आठ महिने चालला. त्यातून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. विषारी झालेलं गवत खाऊन गुरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडची जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या मेली.

त्या एका हिवाळ्याच्या थंडीत लाकीचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत. पण फ्रँकलिनचं मूळ तत्त्व पक्कं ठरलं. सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. ते काजळीसारखं ऊन गिळत नाहीत, तर परत अवकाशात पाठवतात. १८१५ च्या तांबोराच्या उद्रेकानंतर युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या काही भागांत १८१६ चा उन्हाळा जाणवलाच नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोने जगाचं सरासरी तापमान तात्पुरतं सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणलं.

एकाच धुरात दोन स्वभाव

खरा पेच पुढे आहे. कोळसा जळतो तेव्हा काजळी आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही बाहेर पडतात. म्हणजे फ्रँकलिनचा काळा तुकडा आणि त्याचं ऊन अडवणारं धुकं, दोन्ही एकाच चिमणीतून.

हवेतल्या सगळ्या कणांचा हिशेब केला तर पारडं गारव्याकडे झुकतं. कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी काही तापमानवाढ या कणांनी झाकून ठेवली आहे. त्यामुळे हवा स्वच्छ करताना ती लपलेली उष्णता थोडी उघडी पडते. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हापासून ही चर्चा आणखी वाढली.

मग धूर राहू द्यायचा का? अजिबात नाही. हे कण लोकांच्या फुप्फुसात जातात आणि जीव घेतात. शिवाय काजळी हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे टिकते. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतकं राहतो. म्हणून जिथे काजळी जास्त निघते, म्हणजे जुनी डिझेल इंजिनं, वीटभट्ट्या, धुराच्या चुली, तिथे ती कमी केली की फरक लवकर दिसतो. पण त्याने कार्बन डायऑक्साइड कमी करायचं काम टळत नाही.

१७८५ मध्ये, ७९ व्या वर्षी, फ्रँकलिन फ्रान्सहून जहाजाने घरी निघाला. त्या प्रवासातही तो यान इंगेनहाउझ या शास्त्रज्ञ मित्राला एक लांबलचक पत्र लिहित बसला होता. विषय होता, चिमण्यांमधून धूर घरात का येतो आणि त्यावर उपाय काय. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, फिलाडेल्फियात त्याचं निधन झालं.

१७८३ च्या धुक्यावरच्या निबंधात त्याने एक काम पुढच्या लोकांवर सोडलं होतं. इतिहासातले कडाक्याचे हिवाळे शोधा आणि त्यांच्या आधीच्या उन्हाळ्यात असंच धुकं पडलं होतं का ते तपासा. तसं असेल, तर पुढच्या वेळी धुकं दिसताच लोकांना थंडीची तयारी करायला वेळ मिळेल. आज ध्रुवाजवळच्या बर्फात खोल भोकं पाडून शास्त्रज्ञ जुन्या उद्रेकांच्या खुणा शोधतात आणि त्या-त्या वर्षांच्या थंडीशी ताडून पाहतात. त्या बर्फाच्या थरांमध्ये लाकीचं गंधकही सापडलं आहे.