शेजाऱ्यांचे भय

२० जुलै १८३३. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातले इंडिपेंडन्स हे तेव्हा गोऱ्यांच्या वस्तीच्या अगदी टोकाचे गाव. त्या दिवशी गावकऱ्यांचा जमाव एका दुमजली विटांच्या घरात घुसला. माडीवरचा छापखाना खाली फेकला गेला, खिळे रस्त्यावर विखुरले. मॉर्मन पंथाच्या बिशपला चौकात आणून त्याच्या अंगाला डांबर फासले, वर पिसे चिकटवली. हे करणारे दरोडेखोर नव्हते. त्यांत शेतकरी होते, दुकानदार होते, परगण्याचे अधिकारीही होते. सगळे शेजारीच!

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ त्या वेळी शेकडो मैल दूर, ओहायोत होता. वय अवघे २७. डांबर आणि पिसे त्यालाही नवी नव्हती. आदल्याच वर्षी ओहायोतील हायरम गावी जमावाने त्याला रात्री घरातून ओढून नेऊन त्याचे तेच हाल केले होते.

जोसेफचा जन्म २३ डिसेंबर १८०५ चा, व्हरमाँटमधला. बाप शेतकरी, पण हाती काही टिकले नाही. पिके बुडाली, कर्ज झाले आणि बिऱ्हाड न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी आले. शाळा जेमतेम. हा पोरगा खड्यात पाहून जमिनीत पुरलेले धन सांगतो, अशी त्याची ख्याती होती. शेजाऱ्यांच्या संशयाची सुरुवात तिथलीच. मग त्याने सांगितले, की देवदूताने दाखवलेल्या टेकडीत आपल्याला सोन्याचे पत्रे मिळाले आणि त्यांवरचा मजकूर आपण दैवी साहाय्याने उलगडला. १८३० मध्ये तो ग्रंथ छापून निघाला. त्याच्या पाच हजार प्रतींसाठी एका अनुयायाने आपले शेत गहाण टाकले. त्याच वर्षी ६ एप्रिलला पंथाची स्थापना झाली. पुढच्या वर्षी जोसेफने जाहीर केले, की मिसूरीतील जॅक्सन परगणा हीच देवाने नेमून दिलेली पुण्यभूमी. अनुयायी बैलगाड्या जुंपून तिकडे येऊ लागले.

जुने रहिवासी भीत होते तरी कशाला? सोन्याच्या पत्र्यांची ते टिंगल करीत, पण त्यांचे खरे हिशेब व्यवहारी होते. हे लोक एकगठ्ठा जमीन घेतात, एकगठ्ठा मत देतात. उद्या शेरीफ त्यांचा, न्यायाधीशही त्यांचा. मिसूरी हे गुलामगिरीचे राज्य आणि हे बहुतेक उत्तरेकडून आलेले. त्यांच्या पत्रात मुक्त कृष्णवर्णीयांविषयी मजकूर आला आणि ठिणगी पडली. खुलासा काढूनही उपयोग झाला नाही. शिवाय सीमेपलीकडच्या आदिवासी जमातींना हा पंथ इस्रायलचे वंशज मानतो, म्हणजे तो त्यांना चिथावणारच! यातले काही खरे होते, काही फुगवलेले. ही भूमी आता आमचीच होणार, असे काही भाविक खुशाल बोलूनही दाखवीत. नोव्हेंबरमध्ये सुमारे बाराशे माणसे, बायकापोरांसकट, थंडीत नदीपार हाकलली गेली.

इकडे ओहायोतील कर्टलंडला जोसेफने १८३७ मध्ये बँक काढली. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हे प्रकरण वाचताना घाम फुटतो. राज्याने सनद नाकारली होती. तरी नोटा छापल्या गेल्या, त्यांवर जोसेफची सही. पैसा अडकला होता जमिनीत, आणि नोटांच्या बदली नाणी मागणारे दारात उभे. त्यातच देशभर मंदी आली. बँक बुडाली, तिच्याबरोबर अनेकांची श्रद्धाही. जोसेफ मिसूरीला निघून गेला.

तेथे १८३८ मध्ये पुन्हा तेच, आणि अधिक भयंकर. या वेळी मॉर्मनही शस्त्र धरून होते. त्यांच्यात गुप्त टोळी उभी राहिली, गॅलॅटिन गाव त्यांनी लुटले, जाळले. २७ ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला, की या लोकांचा एकतर नायनाट करावा, नाहीतर त्यांना राज्याबाहेर घालवावे. तीनच दिवसांनी हॉन नावाच्या गिरणीच्या वस्तीवर हल्ला झाला. लोहारशाळेत लपलेल्यांवर ओंडक्यांच्या फटींतून गोळ्या झाडण्यात आल्या. सतरा जण गेले. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता.

जोसेफ तुरुंगात असताना हजारो निर्वासित इलिनॉय राज्यात शिरले. तिथे मिसिसिपीकाठच्या क्विन्सीच्या गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतले, अन्न दिले, काम दिले. हेही सीमेवरचेच लोक, हेही ख्रिस्तीच. मग पाचच वर्षांत इलिनॉय का बिथरले?

कारण निर्वासितांचे आता नगर झाले होते. दलदल उपसून वसवलेल्या नॉवूची वस्ती दहा हजारांवर गेली. जोसेफ तिथला महापौर, तिथल्या फौजेचा सेनापती, न्यायासनावरही तोच. १८४४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदालाही उभा राहिला. आसपासच्या गावांना पुन्हा तेच भय वाटू लागले, आणि या खेपेला त्याला आधारही अधिक होता. त्यात बहुपत्नीत्वाचे गुपित. जाहीरपणे जोसेफ ते नाकारीत होता. इतिहासकारांच्या गणतीत त्याच्या बायका तिसाहून अधिक भरतात. पहिली पत्नी एमा हिच्या मनाचे काय झाले असेल!

७ जूनला पंथातून फुटलेल्यांनी हे सारे एका वृत्तपत्रात छापले. १० जूनला महापौर जोसेफच्या हुकमाने तो छापखाना मोडून खिळे रस्त्यावर विखुरण्यात आले. इंडिपेंडन्सला त्याच्या माणसांवर ओढवले होते, तेच अकरा वर्षांनी त्याने दुसऱ्यावर ओढवले.

गव्हर्नरच्या संरक्षणाच्या हमीवर तो कार्थेजच्या तुरुंगात हजर झाला. २७ जूनला तोंडाला काळे फासलेला जमाव जिन्यावरून वर घुसला. भाऊ हायरम आधी पडला. मग गोळ्या लागून जोसेफ खिडकीतून खाली कोसळला. वय ३८. पुढच्या वर्षी पाच जणांवर खटला झाला, सगळे निर्दोष सुटले. १८४६ मध्ये मॉर्मन पुन्हा गाड्या जुंपून निघाले आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग डोंगरांपलीकडे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तिथे शेजारी नव्हते, असे त्यांना वाटले. पण त्या खोऱ्यात वावरणाऱ्या आदिवासींच्या दृष्टीने आता हेच नवे वसाहतवाले होते.

मिसूरीचा तो नायनाटाचा हुकूम १९७६ मध्ये, १३८ वर्षांनी, अधिकृतपणे मागे घेण्यात आला. भय अगदीच निराधार असते तर ते विझवणे सोपे गेले असते. त्यात चिमूटभर सत्य असते, म्हणूनच तर भल्या माणसांच्याही हातात डांबराची बादली येते.