विश्लेषण : विरजण वाटणारा बिअर कारखानदार… छोट्या भट्टीतून ‘कार्ल्सबर्ग’ उभे करणारे जेकबसन कोण होते?

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिथल्या बैलबाजारात एखाद्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक दरवर्षी परत येते, कारण गेल्या वर्षीचा बैल सांगितल्याप्रमाणे निघालेला असतो. पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत वाढलेल्या छोट्या बिअर कारखान्यांचे, म्हणजे मायक्रोब्रुअरींचे गणितही फार वेगळे नाही. पहिला ग्लास कुतूहलाने विकला जातो, दुसरा मात्र विश्वासावर. हा विश्वास कसा तयार होतो, हे समजून घ्यायचे तर १९व्या शतकातील डेन्मार्कचे जेकब क्रिश्चन जेकबसन यांचे आयुष्य पाहावे लागते. विशेष म्हणजे शेतकऱ्याच्या माती परीक्षण अहवालात येणारा ‘सामू’ हा आकडाही त्यांच्याच प्रयोगशाळेतून आला आहे.

जेकबसन कोण होते?

जेकबसन यांचा जन्म २ सप्टेंबर १८११ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. वडील क्रिस्टन जेकबसन हे मूळचे जटलंड भागातील शेतकरी कुटुंबातले. कामासाठी ते राजधानीत आले, बिअर बनवण्याचे काम शिकले आणि पुढे स्वतःची छोटी भट्टी चालवू लागले. त्या काळी बहुतेक जण बोट बुडवून किंवा वाफ पाहून पाण्याचे तापमान ठरवत. क्रिस्टन हे थर्मामीटर वापरणाऱ्या डेन्मार्कमधील सुरुवातीच्या बिअर उत्पादकांपैकी एक होते.

मोजून काम करण्याची ही सवय मुलाने उचलली. जेकबसन यांचे विज्ञानाचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. मात्र, विद्युतप्रवाह आणि चुंबकत्व यांचा संबंध १८२० मध्ये दाखवून देणारे हान्स क्रिश्चन ऑर्स्टेड कोपनहेगनमध्ये सर्वांसाठी व्याख्याने देत आणि तरुण जेकबसन ती ऐकायला जात. १८३५ मध्ये वडिलांचे निधन झाले. भट्टीची जबाबदारी अंगावर आली तेव्हा जेकबसन २३ वर्षांचे होते.

आईच्या हंड्यात कोणता प्रयोग झाला?

त्या वेळी कोपनहेगनमध्ये मिळणारी बिअर गढूळ, लवकर आंबणारी आणि दर खेपेला वेगळ्या चवीची असे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात मात्र थंड तळघरात महिनोन्‌महिने मुरवलेली ‘लागर’ बिअर तयार होत होती. ती स्वच्छ असे, टिकत असे आणि तिची चव बरीचशी सारखी राहत असे. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण असा आहे.

जेकबसन यांनी अशी बिअर घरी करून पाहायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी वापरला तो आईचा कपडे उकळण्याचा तांब्याचा हंडा. आजही जगभरातील बहुतेक छोट्या ब्रुअरींची सुरुवात अशीच होते. घरातले मोठे पातेले, दोन-चार चुकलेल्या खेपा आणि खरे मत सांगणारे मित्र एवढेच भांडवल असते. जेकबसन यांच्या पहिल्या खेपा फसल्या. भांडे, पाणी आणि धान्य जुळवता येत होते. अडत होते ते विरजणापाशी.

बिअरमध्ये यीस्ट नेमके काय करते?

नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात, तसे बिअरसाठी बार्लीला मोड आणून ती वाळवतात. त्याला मॉल्ट म्हणतात. मॉल्ट गरम पाण्यात ठेवले की पिठूळ भागाची साखर होते. हे गोड पाणी हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांसह उकळून थंड केले जाते आणि त्यात यीस्ट टाकले जाते. यीस्ट हे एकपेशीय सूक्ष्मजीव साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात.

दही कसे लागणार हे जसे विरजणावर ठरते, तशी बिअरची चव मोठ्या प्रमाणात यीस्टवर ठरते. डेन्मार्कमधील जुने यीस्ट सुमारे २० अंश सेल्सिअसला झपाट्याने काम करी. बव्हेरियातील यीस्ट साधारण १० अंशांच्या आसपास, संथपणे आणि भांड्याच्या तळाशी बसून काम करी. ते कोपनहेगनमध्ये मिळत नव्हते.

हजार किलोमीटर यीस्ट कसे आणले?

१८४५ मध्ये जेकबसन म्युनिकला गेले. तिथल्या श्पाटन ब्रुअरीचे मालक गॅब्रिएल जेडलमायर यांनी त्यांना यीस्ट दिले. ते पत्र्याच्या दोन डब्यांत भरून जेकबसन परतीला लागले. म्युनिक ते कोपनहेगन हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. प्रवासाचा मोठा भाग घोडागाडीचा, बर्फपेटीची सोय नाही आणि डबा तापला की यीस्ट मेलेच. त्यामुळे गाडी जिथे थांबेल तिथे उतरून ते डब्यांवर थंड पाणी ओतत राहिले. यीस्ट जिवंत पोहोचले.

आता प्रश्न थंडाव्याचा होता. यंत्राने गारवा निर्माण करण्याची सोय तेव्हा नव्हती. जेकबसन यांनी कोपनहेगनच्या तटबंदीखालील तळघरे मिळवली आणि तिथे पिंपे मुरत ठेवली. नवी बिअर लोकांना आवडली आणि जुनी जागा अपुरी पडू लागली.

‘कार्ल्सबर्ग’ हे नाव कुठून आले?

शहराबाहेर वाल्बी इथल्या टेकडीवर जेकबसन यांनी जागा घेतली. टेकडीत तळघरे खोदता येत होती, पाणी होते आणि १८४७ मध्ये सुरू झालेला कोपनहेगन–रोस्किल्डे हा रेल्वेमार्ग जवळून जात होता. १० नोव्हेंबर १८४७ रोजी तिथे पहिली बिअर शिजली. मुलाचे नाव कार्ल आणि ‘बर्ग’ म्हणजे टेकडी, यांवरून कारखान्याचे नाव कार्ल्सबर्ग ठेवण्यात आले. कार्ल तेव्हा पाच वर्षांचा होता.

१८६७ मध्ये कारखान्याला आग लागून मोठे नुकसान झाले. तो पुन्हा उभारण्यात आला आणि १८६८ मध्ये कार्ल्सबर्गची बिअर स्कॉटलंडला रवाना झाली. ही कंपनीची पहिली निर्यात होती.

मुलाच्याच नावाच्या कारखान्यात मुलाशी वाद का झाला?

जेकबसन यांनी कार्लला अनेक वर्षे युरोपातील ब्रुअरींमध्ये शिकायला पाठवले. तो परतल्यावर १८७१ मध्ये आवारातील नवी ब्रुअरी त्याला भाड्याने चालवायला दिली. इथेच ठिणगी पडली.

बिअर पुरेशी मुरल्याशिवाय बाहेर पडता कामा नये आणि उत्पादनाला मर्यादा हवी, असा वडिलांचा आग्रह होता. मागणी वाढत असताना बिअर कमी दिवस मुरवून जास्त विकावी, असे मुलाचे म्हणणे होते. गिऱ्हाईक दोघांकडेही होते. छोटा धंदा वाढू लागला की प्रत्येक संस्थापकापुढे येणारा हा पेच आहे. जुन्या गिऱ्हाइकाला आवडलेली चव जपायची, की दारात उभ्या असलेल्या नव्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे नाही?

बापलेकांनी हा पेच सामोपचाराने सोडवला नाही. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्लला ती जागा सोडावी लागली आणि त्याने शेजारीच ‘नवे कार्ल्सबर्ग’ उभे केले. वडिलांचा कारखाना ‘जुने कार्ल्सबर्ग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दोन कारखान्यांमधल्या एकाच रस्त्याला वडिलांनी एक नाव दिले, मुलाने दुसरे, आणि दोघांनीही आपापल्या नावाच्या पाट्या लावल्या. १८८२ मध्ये जेकबसन यांनी मृत्युपत्र करून आपला कारखाना मुलाऐवजी एका प्रतिष्ठानच्या नावे केला.

प्रयोगशाळा कशासाठी काढली?

हे कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान जेकबसन यांनी १८७६ मध्येच स्थापन केले होते. त्याचा कारभार डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीतील सदस्यांकडे सोपवला होता. त्याआधी १८७५ मध्ये कारखान्याला जोडून प्रयोगशाळा सुरू झाली होती. लुई पाश्चर यांच्या आंबवण्याच्या प्रक्रियेवरील संशोधनाचा जेकबसन यांच्यावर मोठा प्रभाव होता. बिअर बिघडते तेव्हा नशीब किंवा हवामानाला दोष न देता कारण शोधायचे, हा प्रयोगशाळेमागचा विचार होता. तिथे लागलेले शोध गुपित ठेवायचे नाहीत, ते प्रसिद्ध करायचे, असा नियमही त्यांनी घालून दिला.

या नियमाची परीक्षा १८८३ मध्ये झाली. जुन्या कार्ल्सबर्गमधील बिअरला विचित्र वास आणि कडवटपणा येऊ लागला. विश्वासावर उभ्या असलेल्या कारखान्यासाठी हे मोठे संकट होते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ एमिल क्रिश्चन हॅन्सन यांना आढळले की कारखान्यातील यीस्ट एकाच जातीचे नव्हते. त्यात रानटी यीस्ट मिसळले होते. हॅन्सन यांनी एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत तयार केली. जेकबसन सुरुवातीला साशंक होते. पण नोव्हेंबर १८८३ मध्ये हे शुद्ध यीस्ट प्रत्यक्ष उत्पादनात वापरले गेले आणि बिअर सुधारली.

शुद्ध यीस्ट फुकट का दिले?

दर खेपेला सारखी चव देणारे यीस्ट हाती आले होते. ते कुलूपबंद ठेवले असते, तर प्रतिस्पर्ध्यांवर कायमची आघाडी मिळाली असती. जेकबसन यांनी पद्धत प्रसिद्ध होऊ दिली आणि यीस्ट इतर कारखान्यांनाही उपलब्ध करून दिले. ज्या जर्मनीतून त्यांनी ३८ वर्षांपूर्वी यीस्ट आणले होते, तिथल्या उत्पादकांनाही ते खुले होते. गावात कुणाचे दही बिघडले तर शेजारीण विरजण नाकारत नाही, तसाच हा व्यवहार होता. जेडलमायर यांनी १८४५ मध्ये डबे भरून दिले नसते, तर कार्ल्सबर्ग उभेच राहिले नसते.

याच प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. अन्न आणि पशुखाद्यातील प्रथिने ठरवण्यासाठी ती आजही वापरली जाते. पुढे १९०९ मध्ये सोरेन सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याची पीएच पट्टी मांडली. मराठीत तिलाच सामू म्हणतात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि वर विम्लधर्मी. मुरबाड-शहापूरच्या भात खाचरातील माती तपासायला दिली की अहवालात येणारा सामू तो हाच.

आपल्याकडे छोटी भट्टी का वाढली नाही?

ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आंबवण्याचे ज्ञान नवे नव्हते. मोहाची फुले आणि ताडी-माडी यांची परंपरा जुनी आहे. मात्र, १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप आणि विक्रीवरील सरकारी नियंत्रण घट्ट केले. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा आला. म्हणजे डेन्मार्कमध्ये आंबवण्याचे शास्त्र कारखान्यातून प्रयोगशाळेत जात होते, त्याच काळात इथले ज्ञान उघड्यावरून आडोशाला ढकलले जात होते. लपून केलेल्या कामात मोजमाप, नोंदी आणि खुली चर्चा यांना वाव राहत नाही.

महाराष्ट्रात परवान्याने चालणारी छोटी बिअर भट्टी यायला २००९ साल उजाडले. पुण्यात सुरू झालेली ‘डूलाली’ ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते.

शेवट कसा झाला?

१८८६ मध्ये बापलेकांचा समेट झाला. ३० एप्रिल १८८७ रोजी रोम येथे जेकबसन यांचे निधन झाले. त्यानंतर जुने कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानकडे गेले. कार्लनेही १९०२ मध्ये आपली ब्रुअरी त्याच प्रतिष्ठानला दिली आणि १९०६ मध्ये दोन्ही कारखाने एकत्र आले. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध जलपरीचा पुतळा ही १९१३ मधील कार्लचीच देणगी.

जेकबसन यांनी आपले राहते घर विज्ञान किंवा कलेत मोठे काम करणाऱ्या व्यक्तीला राहण्यासाठी ठेवले होते. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तिथे १९३२ पासून १९६२ मधील मृत्यूपर्यंत राहिले.

नव्या छोट्या उद्योगांसाठी यात काय आहे?

जेकबसन यांच्या वाटचालीतून काही गोष्टी स्पष्ट दिसतात. सुरुवात लहान भांड्यात झाली, त्यामुळे चुका स्वस्तात पडल्या. जागा निवडताना पाणी, थंडावा आणि वाहतूक यांचा विचार आधी झाला. बिघाड झाला तेव्हा कारण शोधण्यावर पैसा खर्च झाला. आणि धंद्यातील इतरांना प्रतिस्पर्ध्याइतकेच सोबती मानले गेले. आजच्या छोट्या ब्रुअरी एकमेकांशी कृती आणि यीस्टची देवाणघेवाण करतात, त्याची मुळे याच वृत्तीत आहेत.

गावात दही, लोणचे किंवा गूळ विकणाऱ्या बचत गटालाही हेच लागू पडते. या आठवड्यातील बरणी मागच्या आठवड्यातील बरणीसारखी निघाली, तर गिऱ्हाईक नाव लक्षात ठेवते. तशी निघावी म्हणून तापमान, दिवस आणि विरजण यांची नोंद एका वहीत ठेवणे पुरते. क्रिस्टन जेकबसन यांनी पाण्यात थर्मामीटर बुडवून सुरू केले होते, ते हेच काम.