घागर विहिरीवरच राहिली

आजचे वाचन : योहान 4 : 1-42

मे महिन्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला तुमच्यापैकी बरेच जण जातात. यूथ कॅम्पही होतात तिथे. एकदा दुपारी तंबूतून बाहेर पडा आणि वरच्या वाड्यांकडे चालत जा. खाली धरणाचं पाणी चमकत असतं आणि वर बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत असतात. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच. पण नीट पाहा, त्या घोळक्याने जातात, आणि होता होईल तो सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी एकटी पाण्याला येते ती, जिला घोळका नको असतो. किंवा घोळक्याला जी नको असते. आजच्या अध्यायातली शोमरोनी स्त्री याकोबाच्या विहिरीवर नेमकी त्या वेळी आली होती.

हा अध्याय एका पंचविशीतल्या मराठी बाईंनी परदेशात ऐकला, आणि पुढची चाळीस वर्षं त्या अध्यायातच राहिल्या असं म्हटलं तरी चालेल. पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना माहीत असतं, रस्त्यांना आणि शाळांना असतं तसं. त्या परदेशी गेल्या का आणि तिथून काय घेऊन आल्या, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

जन्म 23 एप्रिल 1858चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल लोकांचे बोल खाणारे. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या. पुढे 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उरलेली भावंडं, रमाबाई आणि श्रीनिवास, देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती रात्री झोपली. कलकत्त्यात 1878 मध्ये विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ वारला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि 1882च्या सुरुवातीला पती बिपिनबिहारी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी हे सगळं होऊन गेलं होतं.

1883 मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर व्हायला. भाड्यासाठी पैसे आले ते स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून. मिशन ट्रिपसाठी फंड गोळा करताना हे लक्षात असू द्या! पण कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येत होतं आणि डॉक्टरीचा रस्ता बंद झाला. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला तेच हातून गेलं.

वाँटेजच्या सिस्टर्सनी हवापालट म्हणून त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या शाखेत धाडलं. तिथे समाजाने टाकलेल्या, बदनाम झालेल्या बायकांना सिस्टर्स सांभाळत होत्या. अंग चोरून नाही, मायेने. रमाबाईंनी असं कुठेच पाहिलं नव्हतं. अशा बायकांकडे इतक्या दयेने वागायला या लोकांना काय लावतं, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. तिने उत्तर म्हणून योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. बस्स. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याला वाटतं, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यापुढे मान तुकवणं म्हणजे कृतज्ञता. रमाबाईंनी सिस्टर्सचं ऋण कधी नाकारलं नाही. सिस्टर जेराल्डिनना छोटी मनोरमा आजीबाई म्हणायची, इतका घरोबा होता. पण त्याच जेराल्डिनशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. पंथ सांगतो म्हणून मी मानणार नाही, वचनात काय आहे ते मी स्वतः तपासेन, हा त्यांचा हट्ट. शाकाहारही सोडला नाही. सिस्टर्सना हे उद्धट वाटलं. मला ते प्रामाणिक वाटतं. देवाचे आभार मानायला इंग्रज व्हावं लागतं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच थांबून गावोगावी बोलत राहिल्या. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत देण्याचं ठरवलं. 1889च्या फेब्रुवारीत त्या मुंबईला उतरल्या आणि 11 मार्चला शारदासदन सुरू झालं. पुढे पुण्यात टीकेचं वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या थांबल्या नाहीत.

1896च्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. भूक म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभं राहिलं. विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवू लागल्या. आणि तिथेच एक वेगळं घर बांधलं गेलं, कृपासदन. ज्यांना दुसरीकडे कुठेच दार उघडत नव्हतं, त्या बदनाम ठरलेल्या बायकांसाठी. फुलहॅमचं देणं असं केडगावात फेडलं गेलं.

शेवटची वर्षं त्यांनी एका कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, खेड्यातल्या बाईला कळेल असं. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. ते हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या. छापखान्यात खिळे जुळवत होत्या त्या मुक्तिसदनातल्याच बायका. योहानाचा चौथा अध्यायही त्यांनीच जुळवला.

उद्याचे वाचन : योहान 4 : 43-54