सशासारखा पळणारा एक पक्षी, दगडासारखं दिसणारं एक झाड आणि काळाच्या आड गेलेले विल्यम बर्चेल

आफ्रिकेच्या दक्षिणेकडचं कोरडं माळरान. खुरटं गवत, मधूनमधून उघडी जमीन आणि डोक्यावर तळपतं ऊन. अशा ठिकाणी एक तांबूस-तपकिरी पक्षी लांब पायांवर तुरुतुरु पळत सुटतो, अचानक थबकतो आणि पुढच्याच क्षणी दिसेनासा होतो. तो उडून गेलेला नसतो. त्याच्या अंगाचा रंगच मातीचा, त्यामुळे उभ्या जागी तो जमिनीत विरघळून जातो!

हा आहे ‘बर्चेलचा धाविक’. लांबी जेमतेम 23 सेंटीमीटर, खाणं किडे आणि वाळवी, राहणं नामिबिया, बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागांत. घरटं बांधायची भानगडच नाही, अंडी थेट उघड्या जमिनीवर. आपल्याकडे पुणे, सोलापूरच्या माळरानांवर दिसणारा धाविक हा त्याचा सख्खा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. दोघांची प्रजाती एकच.

पण ज्यांचं नाव या पक्ष्याला मिळालं, ते बर्चेल कोण होते? त्यांची गोष्ट त्या पक्ष्यासारखीच आहे. डोळ्यांसमोर असूनही लोकांच्या नजरेतून निसटलेली.

रोपवाटिकेत वाढलेला मुलगा

विल्यम जॉन बर्चेल यांचा जन्म 1781 साली लंडनजवळच्या फुलहॅम इथे झाला. वडिलांची तिथे मोठी रोपवाटिका होती. त्यामुळे झाडांची ओळख पाळण्यातच झाली म्हणा ना. पुढे क्यू इथल्या प्रसिद्ध उद्यानात ते वनस्पतिशास्त्र शिकले.

1805 मध्ये ते अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर गेले. हे बेट तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं. आधी व्यापार करून पाहिला, तो जमला नाही. मग शाळेत शिकवलं आणि कंपनीचे वनस्पतितज्ज्ञ म्हणूनही काम केलं.

इंग्लंडमध्ये त्यांचं लग्न ठरलेलं होतं. 1808 मध्ये वाग्दत्त वधू बोटीने बेटावर आली, पण लग्नासाठी नव्हे, तर लग्न मोडल्याचं सांगायला! लांबच्या प्रवासात तिचं बोटीच्या कप्तानाशीच जुळलं होतं. बर्चेल यांनी पुढे कधीच लग्न केलं नाही.

बैलगाडी की फिरती प्रयोगशाळा?

1810 च्या अखेरीस ते केप टाउनला पोहोचले आणि जून 1811 मध्ये आतल्या प्रदेशाकडे निघाले. सोबत कुठलीही सरकारी फौज नव्हती. होती ती खास बनवून घेतलेली बैलगाडी आणि वाट माहीत असलेले काही खोईखोई सोबती. गाडीतच पुस्तकं, औषधं, रंगांचं सामान, मोजमापाची उपकरणं, झाडं वाळवायचा कागद आणि झोपायची जागा. हेच पुढची काही वर्षं त्यांचं घर होतं.

1815 पर्यंत त्यांनी सुमारे 7,000 किलोमीटर प्रवास केला. 60 हजारांहून जास्त नमुने गोळा केले. त्यात झाडं, बिया, कीटक, पक्षी, प्राण्यांची कातडी असं सगळं होतं. शिवाय जवळपास 500 चित्रं काढली. ज्याला आज आपण पांढरा गेंडा म्हणतो, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1817 साली बर्चेल यांनीच प्रसिद्ध केलं. निळ्या विल्डबीस्टचंही तसंच.

पण त्यांचं खरं वेगळेपण आकड्यांत नव्हतं. त्या काळी अनेक संग्राहक नमुन्यावर नुसतं ‘दक्षिण आफ्रिका’ लिहून मोकळे व्हायचे. बर्चेल मात्र झाडाच्या नमुन्याला क्रमांक द्यायचे आणि तो कुठे, कोणत्या दिवशी मिळाला याची नोंद ठेवायचे. ही शिस्त पुढे किती कामाला येणार होती, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो दगड नव्हताच!

1811 मध्ये प्रवासात त्यांनी जमिनीवरून एक विचित्र खडा उचलला. हातात घेतल्यावर कळलं, हा दगड नसून जिवंत झाड आहे! आज घराघरांतल्या खिडक्यांत छोट्या कुंड्यांमध्ये दिसणाऱ्या ‘लिथॉप्स’ म्हणजे दगडी झाडांची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. खड्यांमध्ये खड्यासारखाच दिसणारा एक नाकतोडाही त्यांना सापडला होता.

बर्चेल यांनी नुसतं नवल करून सोडून दिलं नाही. आजूबाजूच्या दगडमातीसारखं दिसल्यामुळे हे जीव खाणाऱ्यांच्या नजरेतून वाचत असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. डार्विन यांचं उत्क्रांतीवरचं पुस्तक 1859 सालचं. म्हणजे ही नोंद त्याच्या कितीतरी आधीची. मातीत मिसळून जाणाऱ्या धाविकाला त्यांचं नाव मिळावं, यापेक्षा नेमका योगायोग कुठला?

कौतुक कमी, कडवटपणा जास्त

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी प्राण्यांची 40 हून जास्त कातडी ब्रिटिश म्युझियमला दिली. पण त्यातली बरीचशी नीट जतन झाली नाहीत आणि खराब झाली. जिवावर उदार होऊन आणलेल्या वस्तूंची ही गत पाहून ते दुखावले आणि त्यावरून मोठा वाद झाला.

1822 आणि 1824 मध्ये त्यांच्या प्रवासवर्णनाचे दोन खंड आले. प्रवासाची गोष्ट मात्र 1812 पर्यंतच पोहोचली. उरलेली हकिगत कधीच छापून आली नाही. 1825 ते 1830 या काळात त्यांनी ब्राझील पालथा घातला, तिथूनही हजारो नमुने आणले. त्या प्रवासावर तर त्यांचं पुस्तकच निघालं नाही.

यात त्यांच्या स्वभावाचाही वाटा होता. सगळं स्वतःच तपासायचं, लावायचं, मगच जगापुढे ठेवायचं हा त्यांचा हट्ट. एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं ते काम होतं. 1834 मध्ये ऑक्सफर्डने मानद पदवी दिली, डार्विन यांनीही त्यांच्या आफ्रिकेतल्या निरीक्षणांचा आपल्या प्रवासवर्णनात आधार घेतला. पण बर्चेल हळूहळू लोकांपासून तुटत गेले.

23 मार्च 1863 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी, फुलहॅममध्ये त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

मग पुढे काय झालं?

त्यांच्या बहिणीने तो सारा ठेवा सांभाळून योग्य हाती दिला. झाडं क्यूला गेली, कीटक ऑक्सफर्डला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डचे कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड पोल्टन यांनी तो संग्रह आणि त्या नोंदी पुन्हा उजेडात आणल्या. तेव्हा कुठे बर्चेल किती पुढचा विचार करत होते, हे लोकांना उमगलं.

आज त्या नोंदींमुळे दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या माळावर नेमकं काय उगवत होतं, हे अभ्यासकांना सांगता येतं. पुस्तकं अर्धी राहिली, कातडी खराब झाली, पण नमुन्यांच्या त्या छोट्या छोट्या नोंदी टिकल्या.

झेब्रा, पखुर्डी, भारद्वाज अशा कितीतरी जीवांच्या इंग्रजी नावांत बर्चेल आजही आहेत. आणि आफ्रिकेच्या त्या कोरड्या माळावर त्यांचा धाविक अजूनही तसाच पळतो, थबकतो आणि मातीत हरवून जातो. तो तिथेच असतो, फक्त नीट बघावं लागतं.