सर रोनाल्ड रॉस

हिंवताप दूषित हवेनें येतो, असें पूर्वी मोठमोठे वैद्यहि समजत. त्याचें मूळ डासांत शोधणारे रोनाल्ड रॉस ह्यांचा जन्म १८५७ सालीं अल्मोडा येथें झाला. १८८१ सालीं ते हिंदुस्थानांत सरकारी वैद्यकीय खात्यांत शिरले. १८९४ सालीं लंडनांत डॉ. मॅन्सन ह्यांनीं त्यांस रोग्याच्या रक्तांतील जंतु दाखविले. तेव्हांपासून सूक्ष्मदर्शक यंत्र त्यांचें सोबती झालें.

ह्या यंत्रांत खालचा आरसा उजेड वर पाठवितो. मधल्या पाटावर कांचेची पट्टी व तीवर पाहावयाची वस्तु ठेवितात. वस्तूजवळचें भिंग तिची आकृति मोठी करितें. डोळ्याजवळचें भिंग ती आणखी वाढवितें. बाजूचा स्क्रू हळू फिरविला म्हणजे आकृति स्पष्ट होते. घाई केल्यास भिंग कांचेवर आपटतें.

सिकंदराबादेच्या उकाड्यांत डास उडून जातील म्हणून रॉस पंखा घेत नसत. घामानें स्क्रू गंजले, डोळ्याजवळचें भिंग तडकलें. कित्येक डास तपासून श्रम व्यर्थ गेले. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजीं एका डासाच्या जठराच्या भित्तींत त्यांस ते जंतु वाढतांना दिसले. ह्या शोधाबद्दल देवाचे आभार मानणारें कवन त्यांनीं रचिलें. १९०२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९३२ सालीं ते निवर्तले.

प्रिय वाचकहो, आम्ही प्रवरेकांठचे कोल्हारकर यंत्र चालवूं न शकलों तरी डबकीं बुजवूं, रांजण झांकूं, तापकऱ्याचें रक्त वेळींच तपासवूं. शेजाऱ्यावरील प्रीतीचीं हींहि कृत्यें होत.