नागपूरहून सुटलेली गाडी अन् डोंगरावरची वचनं : रेव्हरंड ना. वा. टिळकांची जीवनकहाणी

सक्करदरा (नागपूर) : सकाळी मोबाईल उघडला की पहिलं काय दिसतं? कुणी गीतेतला श्लोक पाठवलेला असतो, कुणी तुकोबांचा अभंग, तर कुणी बायबलमधलं वचन. सक्करदरा चौकातून उमरेड, भिवापूरकडे निघालेल्या बसमध्ये बसलेली माणसंही हेच बघत असतात. वाचायचं, हात जोडल्याचं चिन्ह टाकायचं अन् बोट पुढे सरकवायचं, ही आता सगळ्यांचीच सवय झाली आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी याच नागपुरातून निघालेल्या एका माणसाच्या हाती अशीच काही वचनं पडली. तो मात्र तिथेच थांबला. त्या वचनांपायी त्याची नोकरी गेली, जात गेली, नातेवाईक तुटले अन् काही वर्षं बायको-मुलगाही दुरावले. त्या माणसाचं नाव नारायण वामन टिळक. महाराष्ट्र त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतो. फुलामुलांचे कवी म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. जखमी पाखरावरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत शिकलेले अनेक जण आजही गावागावात सापडतील.

कोकणातलं बालपण

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते अन् स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई देवभक्त अन् मायाळू. आईवर नारायणाचा फार जीव होता. ती लवकर गेली आणि पोराचं घरातलं लक्ष उडालं.

घर सोडून ते नाशिकला आले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकले. बुद्धी तल्लख होती, पाठांतर दांडगं होतं अन् कविता तर जिभेवरच असायची. 1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची पोर होती. पुढे हीच लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीतली मोठी लेखिका झाली. टिळकांबद्दल आज घरगुती असं जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं तिनेच लिहून ठेवलं आहे.

टिळकांचा पाय एका गावात कधी टिकला नाही. आज इथे मास्तर, उद्या तिथे पुराणिक, परवा आणखी कुठे. हाती पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे अन् घरी रिकाम्या हाताने परतायचे. राग आला की भडकायचे, उतरला की लेकरासारखे रडायचे. अशा माणसाचा संसार करताना लक्ष्मीबाईंचे काय हाल झाले असतील, ते बायाबापड्यांना वेगळं सांगायला नको.

नागपूरचे दिवस

फिरत फिरत टिळक नागपूरला आले. शहरातले धनवान गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. याच काळात टिळकांनी ‘ऋषी’ नावाचं धार्मिक मासिक चालवलं.

पण मनात वेगळीच घालमेल चालू होती. देव एक आहे अन् सगळी माणसं त्याची लेकरं आहेत, तर एकाच्या सावलीचा दुसऱ्याला विटाळ का व्हावा? ही जातीची उतरंड देवाने रचली की माणसाने? शास्त्रं वाचून झाली, वादविवाद करून झाले, उत्तर काही पटेना. शेवटी देशाला जोडणारा नवा धर्मच हवा, इथवर त्यांचा विचार गेला होता.

तो काळच तसा होता. नागपुरात धर्माच्या भिंती होत्या, तशा त्या ओलांडणारी माणसंही होती. पुढे 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीनबाबांना सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं, हे इथल्या लोकांना माहीतच आहे. हिंदू राजाच्या घरी मुसलमान फकीर राहिला. टिळकांनी त्याआधीच अशी एक भिंत ओलांडली होती. फरक एवढाच की त्यांच्यासाठी मागे परतायची वाट उरली नाही.

गाडीतला अनोळखी साहेब

1893 च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. तिथल्या संस्थानात नोकरीची सोय होणार होती. आज गोंदिया, डोंगरगड करत जी गाडी छत्तीसगडात शिरते, तोच हा मार्ग.

डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्या काळी गोरा माणूस नेटिव्हाला जवळ बसू देईल, याची खात्री नसायची. या माणसाने मात्र टिळकांना आदराने जागा दिली. गप्पा संस्कृत काव्यावर निघाल्या अन् तिथून धर्मावर गेल्या. टिळकांनी आपली शंका बोलून दाखवली असावी, कारण उतरायच्या आधी साहेबाने त्यांच्या हातात एक पुस्तक ठेवलं. तो बायबलचा नवा करार होता. हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला अन् निघून गेला.

टिळकांना ते बोलणं रुचलं नाही. पुस्तकही फारसं आवडलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, तो पाळायचा म्हणून वाचायला घेतलं. महत्त्वाचं वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायची त्यांची सवय होती. तशी पेन्सिल हातात घेऊन ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी आले अन् तिथे अडकले.

त्या साहेबाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुन्हा भेटही झाली नाही.

काय होतं त्या तीन अध्यायांत?

मत्तयाचे पाच, सहा अन् सात हे अध्याय डोंगरावरचं प्रवचन म्हणून ओळखले जातात. येशू डोंगरावर बसून साध्यासुध्या लोकांना सांगतोय, असं हे बोलणं आहे. ऐकणारे लोक कोळी, शेतकरी, मजूर असेच. त्यामुळे त्यातले दाखलेही मीठ, दिवा, पाखरं, रानफुलं, वाळूवर बांधलेलं घर असे रोजच्या जगण्यातले आहेत.

अर्थ थोडक्यात सांगायचा तर असा. ज्यांचं मन निर्मळ आहे त्यांना देव दिसतो. देवळात दान ठेवायला गेलात अन् भावाशी वैर असल्याचं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करा. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करा. जो वैर करतो त्याच्यावरही प्रेम करा, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा. कारण देव सूर्य उगवतो तो भल्याबुऱ्या दोघांवर, अन् पाऊस पाडतो तोही दोघांच्या शेतावर. दानधर्म करताना ढोल वाजवू नका. उद्याच्या चिंतेने आज जळू नका. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघा.

टिळकांना वर्षानुवर्षं छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरं या तीन अध्यायांत सापडली, असं त्यांनी पुढे सांगितलं. पाऊस जर जात बघून पडत नाही, तर माणसाने जात बघून पाणी का द्यावं? इतकं सोपं उत्तर होतं ते. पण सोपं उत्तर जगायला कठीण असतं.

पहिली ठोकर घरालाच

दोन वर्षं टिळक आतल्या आत झुंजत होते. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्या मिशनऱ्याऐवजी रेव्हरंड तुकाराम नाथोजी या मराठी पाळकाच्या हातून त्यांनी तो घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांत होत्या. बातमी कळली अन् त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे घरच्यांसाठी तो जिवंतपणी मेल्यासारखाच. पाणी बंद, पंगत बंद, लग्नकार्यात नाव बंद. पदरात लहानगा दत्तू. नवरा आहे पण नाही, अशा अवस्थेत या बाईने चार-साडेचार वर्षं काढली. काही काळ पंढरपुरात, कधी या नातलगाकडे, कधी त्या.

इथे टिळकांच्या कहाणीत एक खटकणारी गोष्ट आहे, ती झाकून चालणार नाही. वैऱ्यावर प्रेम करायला शिकवणारं वचन हृदयाशी धरणाऱ्या माणसाच्या हातून सगळ्यात जवळच्या माणसाला सगळ्यात मोठी जखम झाली. टिळकांना याची जाणीव होती. या वर्षांत ते पत्रं लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. धर्म बदल म्हणून बायकोवर जबरदस्तीही केली नाही.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या. आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनातच तो प्रश्न उभा राहिला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं तसं त्यांनी सोवळं सोडलं अन् 1900 साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. प्रवचन टिळकांनी कितीतरी दिली असतील, पण लक्ष्मीबाईंना जिंकलं ते वाट बघण्याने.

वचन घरात, अंगणात, रस्त्यावर

त्याच सुमारास छप्पन्याचा भयंकर दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यात माणसं अन् जनावरं अन्नावाचून मरत होती. टिळकांच्या घरात स्वतःचीच ओढाताण, तरी अनाथ पोरांसाठी दार उघडं राहिलं. लक्ष्मीबाईंनी त्या लेकरांचं केलं. पुढे प्लेगच्या साथीतही त्यांनी रोग्यांची सेवा केली. अठरापगड जातीची मुलं एका पंगतीला बसू लागली. नागपुरात जो प्रश्न टिळकांना छळत होता, तो अशा रीतीने घरच्या ताटावर सुटला.

बालकवी ठोंबरे हा खानदेशातला कोवळा कवीही काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. तो हिंदू होता अन् हिंदूच राहिला. माया करण्याआधी टिळक धर्म विचारत नव्हते.

1904 मध्ये टिळक पाळक झाले, म्हणून नावामागे रेव्हरंड लागलं. पण त्यांना चर्चचा साहेबी थाट पसंत नव्हता. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली गाणी मराठी माणसाच्या काळजाला भिडत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. मग टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं, अभंग रचले. शंभराहून अधिक भक्तिगीतं लिहिली. खेड्यापाड्यातल्या मराठी चर्चमधून ती आजही म्हटली जातात. ज्ञानोबा-तुकोबांना त्यांनी कधी टाकलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांनी केलं.

पगार सोडला, दरबार मांडला

1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. उद्याची चिंता करू नका हे वचन सगळ्यांना सांगायचं अन् आपण मात्र महिन्याच्या पगारावर निर्धास्त राहायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. ते साताऱ्याला राहिले अन् ‘देवाचा दरबार’ उभा केला. येशूच्या मागे चालू इच्छिणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. धर्मांतराच्या मोजणीपेक्षा त्यांना माणसाचं वागणं मोठं वाटत होतं. यावरून मंडळीतली काही माणसं नाराजही झाली.

तो दरबार फुलायला वेळ मिळाला नाही. तब्येत ढासळली अन् 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दहन झालं. अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

पुन्हा नागपूर

येशूचं चरित्र मराठी ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी हाती घेतलं होतं. थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेलं मोठं काम लक्ष्मीबाईंनी केलं. शाळेचं तोंड न बघितलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली ही बाई.

1933 मध्ये मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपुरात भरलं अन् त्याच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाई टिळक बसल्या. चाळीस वर्षांपूर्वी ज्या शहरातून निघालेल्या गाडीने त्यांच्या संसाराची वाट मोडली, त्याच शहराने त्यांना मानाची खुर्ची दिली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचंही निधन झालं.

वचन कुठल्या धर्मग्रंथातलं आहे, हा भाग वेगळा. टिळकांच्या कहाणीतून उरतो तो एकच साधा हिशेब. गावात ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे, ज्या भावाशी वाटणीनंतर बोलणं नाही, त्याच्या शेतावरही तोच पाऊस पडतो. उद्या सकाळी मोबाईलवर वचन आलं, तर पुढे पाठवण्याआधी त्या माणसाचा नंबर लावून बघायला हरकत नाही.